दहा फुटी नाव

जी वस्तू माणूस आयुष्यात पहिल्यांदा विकत घेतो, ती निवडण्याची अक्कल त्याला ती वस्तू वापरून झिजल्यावरच येते. म्हणूनच आपल्याकडे पहिल्या खरेदीला कुणीतरी वडीलधारे माणूस बरोबर न्यायची पद्धत पडली असावी. माझी पहिली सायकल काकांनी निवडली, पहिले घड्याळ वडिलांनी निवडले, आणि मुलाखतीसाठी शिवलेल्या पहिल्या सुटाचे कापड मामांनी बोटांत चुरगळून पसंत केले. पुढे संसारातल्या यच्चयावत पहिल्या वस्तू सौभाग्यवतींनी निवडल्या आणि मी पैसे मोजले. एकंदरीत काय, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षापर्यंत निवड करण्याचा प्रसंग माझ्यावर कधी आलाच नव्हता. तो आला तोही अशा वस्तूच्या बाबतीत, की जिचे नावही आमच्या सात पिढ्यांत कुणी ऐकले नव्हते. मला कयाक घ्यायची होती.

कयाक म्हणजे एका माणसाने बसायची आणि दोन्ही टोकांना पाती असलेल्या एकाच वल्ह्याने हाकायची निमुळती होडी. ही मूळची उत्तर ध्रुवाकडच्या बर्फाळ किनाऱ्यांवर राहणाऱ्या इन्युइट लोकांची. त्यांच्या मुलखात झाड उगवत नाही. तेव्हा समुद्रातून वाहत आलेली लाकडे आणि हाडे जोडून सांगाडा करायचा आणि त्यावर सीलचे कातडे ताणून शिवायचे. शिकारी आपली कयाक स्वतःच्या अंगाच्या मापाने बेतत असे. पसरलेल्या दोन हातांच्या तिप्पट लांबी आणि कमरेपेक्षा दोन मुठी अधिक रुंदी, असे एक माप सांगतात. आपण शिंप्याकडे कोट शिवायला टाकतो, तशीच ही पाण्यावर घालायची बंडी! आजच्या कयाकी मात्र साच्यातून काढलेल्या प्लास्टिकच्या असतात. दुकानात त्या ओळीने उभ्या केलेल्या असतात, आणि त्यांतली आपल्या मापाची कोणती, हे आपले आपणच ओळखायचे असते.

आता हे वेड मला का लागले, ते सांगितले पाहिजे. मी गेली सव्वीस वर्षे अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात राहतो. हे नाव तिथल्या डकोटा लोकांच्या भाषेतले. आभाळाचा रंग घेतलेले पाणी, असा त्याचा अर्थ सांगतात. इथल्या मोटारींच्या नंबरपाटीवर 'दहा हजार तळी' असे लिहिलेले असते. प्रत्यक्षात दहा एकर व त्याहून मोठी तळी मोजली, तर ती ११,८४२ भरतात. स्वतःची जाहिरात करताना आकडा कमी करून सांगणारे सरकार मी तरी हे एवढेच पाहिले! हजारो वर्षांपूर्वी बर्फाच्या प्रचंड नद्या मागे हटल्या, तेव्हा जमिनीला पडलेल्या खळग्यांत ही तळी साठली. खुद्द मिनिआपोलिस शहरात हॅरिएट, नोकोमिस अशी तळी आहेत. संध्याकाळी त्यांच्या काठाने निम्मे शहर फिरायला येते. हिवाळ्यात ही तळी इतकी घट्ट गोठतात, की लोक त्यांवर मोटारी नेतात आणि बर्फाला भोके पाडून गळ टाकून बसतात. मासे धरण्याची हौस म्हणजे काय, हे ज्याला समजून घ्यायचे असेल, त्याने जानेवारीत इथे यावे.

मी मालवणकडचा. गळाने मासे धरण्याला आमच्याकडे 'गरवणे' म्हणतात, आणि सुट्टीच्या दिवशी गरवायला न गेलेला मुलगा आजारी असला पाहिजे असे घरचे लोक समजतात. आमच्या घरापासून मोटारीने दहा मिनिटांवर साठेक एकरांचे एक तळे आहे. तिथल्या लाकडी धक्क्यावर बसून मी सहा उन्हाळे गळ टाकला. मिळायचे ते तळहाताएवढे ब्लूगिल. मोठे मासे कुठे आहेत, ते दिसत असे. काठाने पाणकणीस दाटलेले, त्यापुढे कमळांच्या पानांचा पट्टा, आणि त्या पट्ट्याच्या पलीकडच्या कडेला संध्याकाळी पाणी एकदम फुटायचे. तो बास! माझा गळ तिथवर पोचायचा नाही आणि काठाकाठाने जावे तर दोन्ही बाजूंना लोकांच्या खासगी बागा. मधले अंतर जेमतेम दीडशे फुटांचे, पण ते ओलांडायला नावच हवी.

आमच्या घरात या छंदाविषयी एक तह झालेला आहे. सौ. वाईच्या. त्यांच्या माहेरी कांदासुद्धा चातुर्मासात घराबाहेर. त्यामुळे धरलेला मासा मी तिथेच सोडून द्यायचा, त्याने आमच्या घराचा उंबरठा ओलांडायचा नाही, हे पहिले कलम. दुसरे कलम गांडुळांचे. इथे पेट्रोल पंपावरच्या दुकानातही दुधाच्या शेजारी गारेगार गांडुळांचे डबे विकायला ठेवलेले असतात. तो डबा गॅरेजमधल्या जुन्या फ्रिजात, कोकम सरबताच्या बाटल्यांपासून हातभर अंतरावर ठेवायची मला मुभा आहे. या दोन कलमांवर आमचा संसार सुखाने चालला होता. तेवढ्यात मी एके रात्री जेवताना कयाकीची गोष्ट काढली.

मुलगी म्हणाली, "बाबा, छान! घ्याच तुम्ही."

सौ. काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी माझ्या पानात न मागता भात वाढला. पंचवीस वर्षांच्या अनुभवाने मला कळले, की हा नकार आहे.

तरीही मी दुकाने पालथी घालायला सुरुवात केली. नवशिक्याला सल्ला देणाऱ्यांची जगात कुठेच वाण नसते. जो भेटला त्याने आपल्याकडे आहे तीच कयाक उत्तम असल्याचे शपथेवर सांगितले. चारशे डॉलरपासून चार हजार डॉलरपर्यंत किमती ऐकून माझे डोके गरगरले. पण महिनाभर ऐकल्यावर त्या गदारोळातून चार गोष्टी गाळून निघाल्या. त्या इथे मांडतो. कुणा वाचकाच्या मुलाने परदेशातून फोन करून विचारले, तर उपयोगी पडतील.

पहिली गोष्ट बसण्याची. कयाकी दोन जातींच्या. एकीत माणूस पोटात शिरून बसतो, पाय आतल्या पोकळीत. दुसरीत तो पाठीवर, म्हणजे उघड्या माथ्यावर बसतो. पहिलीत अंग कोरडे व उबदार राहते. थंड मुलखात हा मोठाच फायदा. दुसरीत पाणी अंगावर येते खरे, पण नावेच्या तळापर्यंत आरपार भोके ठेवलेली असतात, त्यांतून ते आपोआप निथळून जाते. नावेचे पोट चहूबाजूंनी बंद असल्यामुळे, ते फुटले नाही तर ती पाण्याने भरून बुडत नाही.

दुसरी गोष्ट लांबी-रुंदीची. लांब नाव सरळ व वेगाने जाते. आखूड नाव चटकन वळते. रुंद नाव स्थिर, अरुंद नाव चपळ. छोट्या तळ्यावर कुठे लंका गाठायची नसते. तेव्हा दहा ते बारा फूट लांबी पुष्कळ झाली, आणि गळ टाकताना डुलू नये म्हणून रुंदी तीस इंचांच्या वर असावी. मिनेसोटाच्या कायद्याची यात एक मेख आहे. वल्ह्याची नाव दहा फुटांपर्यंत असेल तर सरकारी नोंदणी लागत नाही. त्याहून बोटभर जरी लांब झाली, तरी नोंदणी करून नंबर घ्यावा लागतो. दहा फुटी नावा इथे एवढ्या का खपतात, याचे कोडे मला त्या दिवशी उलगडले.

तिसरी गोष्ट वजनाची, आणि ती दोन्ही बाजूंनी पाहावी लागते. नाव किती वजन पेलते, याचा आकडा कारखानदार छापतो, तो शेवटच्या मर्यादेचा. शहाणी माणसे त्याच्या सत्तर टक्क्यांवर थांबतात. माझे वजन १८५ पौंड, गळ, पेटी, पाणी, डबा मिळून ३० पौंड. म्हणजे तीनशेच्या वर पेलणारी नाव हवी. पण नावेचे स्वतःचे वजनही असते, आणि हे दुकानात कुणी आपण होऊन सांगत नाही. नाव पाण्यावर तरंगते हे खरे. घरापासून पाण्यापर्यंत मात्र ती आपल्या खांद्यावर असते. पायांनी चालवायच्या कयाकीचे मला फार आकर्षण होते. होबी या अमेरिकन कंपनीने १९९७ साली पायडल मारले की तळाशी पेंग्विनच्या पंखांसारखी दोन पाती फडफडतात, अशी युक्ती बाजारात आणली. त्यामुळे दोन्ही हात गळासाठी मोकळे राहतात. पण असल्या सगळ्या सरंजामाची नाव शंभर पौंडांच्या घरात जाते. ती मोटारीच्या टपावर चढवायला दोन तरुण मुलगे लागतात. मला एकच मुलगी, आणि ती सप्टेंबरात कॉलेजला दूरगावी जाणारी.

चौथी गोष्ट वल्ह्याची. लोक नावेवर हजार डॉलर खर्च करतात आणि वल्हे पडेल ते उचलतात. वास्तविक नाव पाणी उचलते; वल्हे आपण उचलतो, तेही तासाला शेकडो वेळा. रुंद नावेला आणि उंच बैठकीला २४० सेंटिमीटरचे, हलके वल्हे घ्यावे. आखूड घेतले तर पोरे नावेच्या काठावर आपटतात आणि नेम धरलेला मासा सांगावा न धाडताच निघून जातो.

इतका अभ्यास करून मी सौ.ना एका शनिवारी दुकानात घेऊन गेलो. विक्रेता तरुण आणि गोड बोलणारा होता. त्यांना पाहताच त्याने ओळखले, की सौदा इथे अडला आहे. तो म्हणाला, "बाईसाहेब, ही नाव इतकी स्थिर आहे, की उलटणारच नाही."

त्या शांतपणे इंग्रजीत म्हणाल्या, "आणि उलटली तर?"

"उलटत नाही, बाईसाहेब."

त्या पुन्हा म्हणाल्या, "उलटली तर?"

त्या पोराला पुढे बोलता येईना. परत येताना मोटारीत त्या माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "अहो, नाव घ्यायला माझी ना नाही. पण बुडणार नाही असं मला सांगू नका. बुडाल्यावर परत कसे येणार, ते दाखवा. मग घ्या."

हे बोलणे कुठून आले, ते मला ठाऊक होते. आमच्या दिवाणखान्यात एका एकोणीस वर्षांच्या मुलाचा कृष्णधवल फोटो आहे. ते माझे थोरले मेहुणे. मी त्यांना कधी पाहिले नाही. वाईच्या घाटावर लहानपणापासून पोहणारा मुलगा. श्रावणात कृष्णेला पाणी आले असताना नेहमीच्या जागी उतरला आणि वर आला नाही. सौ. तेव्हा अकरा वर्षांच्या होत्या. लग्नाला इतकी वर्षे झाली, पण ती हकिकत मला सासूबाईंकडून कळलेली. त्यांच्या तोंडून एक अक्षर नाही. समुद्रावर गेलो तरी त्या कोरड्या वाळूत बसतात, आणि आम्ही पाण्यात असेपर्यंत आमची डोकी मोजत राहतात.

इथली दुकाने उन्हाळ्यात ठरलेल्या दिवशी आपल्या नावा तळ्यावर आणून ठेवतात. ज्याला हवी त्याने वल्हवून पाहावी. जूनमधल्या तशा एका सकाळी आम्ही गेलो. सौ. थर्मास आणि दोन मोठे टॉवेल घेऊन काठावर बसल्या. मी जाकीट घातले, पोटात बसायच्या कयाकीतून खोल पाण्यात गेलो आणि ठरल्याप्रमाणे अंग एका बाजूला झोकून दिले. बाकीचे गिऱ्हाईक नाव उलटू नये म्हणून धडपडत होते. मी मुद्दाम उलटवतो आहे हे पाहून दुकानाची माणसे धावत आली! नाव सुलटी केली, तेव्हा तिच्या पोटात तळे भरले होते. मी चढायला जावे की ती कुशीवर वळून आणखी पाणी प्यायची. पंप असता, मदतीला दुसरी नाव असती, तर जमले असते. एकट्याला जमण्यासारखे नव्हते. ती ढकलत मी काठाला आलो. सौ.नी मान हलवली. ती नाव बाद झाली.

मग माथ्यावर बसायची दहा फुटी घेतली. ती उलटवली. दुकानातल्या त्या पोराने काठावरून युक्ती सांगितली: नावेपलीकडे हात टाकून ती आपल्याकडे ओढून सुलटी करायची, पाय पाण्यात जोराने मारून आधी पोट नावेवर आणायचे, मग वळून बूड टेकायचे, आणि शेवटी पाय आत घ्यायचे. पोट, बूड, पाय. पोहऱ्यातून निसटलेल्या बेडकासारखा मी नावेवर चढलो. पाणी भोकांतून गुडगुडत निघून गेले.

मी विजयी मुद्रेने काठाकडे पाहिले. सौ. म्हणाल्या, "पुन्हा."

मी पुन्हा बुडालो आणि पुन्हा चढलो.

"आता डाव्या बाजूनं."

डाव्या बाजूने झाले.

"आता चष्मा काढून."

चष्म्याशिवायही झाले. एव्हाना काठावर पंधरा-वीस माणसे जमली होती आणि टाळ्या वाजवत होती. चार वेळा चढून माझे दंड भरून आले होते. मी म्हणालो, "अगं, आता दमलो मी."

त्या म्हणाल्या, "म्हणूनच. आता एकदा, दमल्यावर."

त्या पाचव्या खेपेला मला वेळ लागला. पहिल्यांदा हात सुटला. मग थोडा वेळ नावेला नुसता धरून राहिलो, श्वास जमवला, आणि चढलो. काठावर आलो, तेव्हा सौ.नी टॉवेल माझ्या खांद्यावर टाकला आणि थर्मासमधला चहा ओतला. कप माझ्या हातात देताना त्या म्हणाल्या, "दादाला माझ्यापेक्षा, तुमच्यापेक्षा चांगलं पोहता येत होतं. त्याला धरायला काही नव्हतं."

पंचवीस वर्षांत त्या विषयावरचे हे त्यांचे पहिले वाक्य. मी काही बोललो नाही. चहा फार गोड झाला होता, तो सगळा प्यालो.

नाव ठरली. दहा फूट लांब, तेहतीस इंच रुंद, पंचावन्न पौंडांची, सव्वातीनशे पौंड पेलणारी. रंगाचा तेवढा वाद झाला. मला पाण्यात मिसळून जाणारा शेवाळी हिरवा हवा होता. सौ. म्हणाल्या, "माशांना दिसली नाही तर तुमचा फायदा. मला दिसली नाही तर?" नारिंगी घेतली. झेंडूच्या फुलासारखी ती तळ्याच्या कुठल्याही टोकावरून दिसते, आणि माझ्या अनुभवाप्रमाणे माशांना तिचे काही वाटत नाही.

जाकीटही त्यांनीच निवडले. कायद्याने ते नावेत असले की पुरते. दहा वर्षांखालच्या मुलांनी तेवढे अंगात घातलेच पाहिजे. आमच्या घरचा कायदा याहून कडक आहे. आणि त्यात शहाणपण आहे. इथे एप्रिलमध्ये बर्फ वितळते, ऊन पडते, माणूस सदरा घालून निघतो. पाणी मात्र तेव्हा नुकतेच बर्फाचे पाणी झालेले असते. अशा पाण्यात पडलेल्या माणसाचा हिशेब इथले जाणकार तीन आकड्यांत सांगतात: एक, दहा, एक. श्वास ताब्यात आणायला एक मिनिट, हातपाय कामाला येतात अशी दहा मिनिटे, आणि थंडीने शुद्ध हरपण्यापूर्वी सुमारे एक तास. तो तास वापरायचा, तर आधी डोके पाण्यावर राहिले पाहिजे. ते काम जाकिटाचे. म्हणून कपडे हवेकडे पाहून घालायचे नाहीत, पाण्यात हात घालून घालायचे. हे वाक्य सौ.नी पाठ केले आहे आणि तळ्यावर पोचल्यावर त्या ते मला म्हणून दाखवतात.

त्या उन्हाळ्यात मी कमळांच्या पट्ट्यापलीकडे गेलो. पहाटे साडेपाचला तळ्यावर धुके असते. वल्ह्याचे पाते बुडवले, की थेंबांचा आवाज तेवढा ऐकू येतो. नाव इतकी लहान आणि पाण्याला इतकी लागून, की कासव शेजारून मान वर काढून पाहते आणि त्याला भीती वाटत नाही. पहिला मोठा बास लागला, तेव्हा त्याने मला नावेसकट वळवले. धक्क्यावर बसून मासा धरताना आपण जमिनीच्या बाजूने असतो. इथे दोघेही पाण्यावर, म्हणजे सामना जरा बरोबरीचा. चौदा इंचांचा तो मासा मी हात ओला करून धरला, गळ सोडवला आणि पाण्यात ठेवला. क्षणभर तो तसाच थांबला आणि मग शेपटीच्या एका फटक्यासरशी दिसेनासा झाला. निघताना नावेला चिकटलेले शेवाळ काढायचे, आतले पाणी पूर्ण निथळायचे, हा इथला कायदा. एका तळ्याची रोगराई दुसऱ्या तळ्यात जाऊ नये म्हणून. तो नेम मी सोवळ्यासारखा पाळतो.

पहिले काही दिवस सौ. धक्क्यावर दुर्बीण घेऊन बसत. मग मोटारीत बसून वाचू लागल्या. श्रावण लागला, तेव्हा त्या एक दिवस म्हणाल्या, "आज तुम्ही एकटेच जा. मला डाळ भिजवायची आहे." त्या दिवशी तळ्यावर मी पहिल्यांदा एकटा होतो, आणि मासा एकही लागला नाही तरी मला त्याचे वाईट वाटले नाही.

एक शिरस्ता मात्र अजून चालू आहे. फ्रिजच्या दारावर एक कागद लावलेला असतो. त्यावर मी निघताना तीन गोष्टी लिहायच्या: कुठले तळे, कोणत्या काठाने उतरणार, आणि परत किती वाजता. जुन्या इन्युइट शिकाऱ्याची नाव त्याच्या हातांच्या आणि कमरेच्या मापाची असे. माझी कुणाच्या मापाची आहे, हे तो कागद पाहिला की कळते. कधी मासे चांगले लागत असतात, ऊन उतरायला अवकाश असतो, आणखी अर्धा तास बसावे असे फार वाटते. अशा वेळी मी घड्याळ पाहतो, गळ गुंडाळतो आणि नारिंगी नावेचे तोंड काठाकडे वळवतो. नऊ म्हणून लिहिलेले असेल, तर पावणेनवाला मी दारात असतो.